कोंडूची चाल

सापगाव ओलांडून आत वळलं की दोन किलोमीटरवर पंधरा-वीस घरांची एक वाडी लागते. गिरजा तिथे लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता तिची साठी उलटली आहे. घरची अडीच एकर भातशेती, घरामागे वांगी, काकडी, शिराळी. आठवड्यातून दोनदा टोपली भरून शहापूरच्या बाजारात बसायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. बोलणं मोजकं. पण एखादी गोष्ट मनात घेतली की ती पुरी होईपर्यंत तिला चैन पडत नाही, हे घरातले सगळे जाणून आहेत.

तिचा नवरा कोंडू मागच्या भादव्यात गेला. बांधावरचं गवत कापून आला, ओटीवर टेकला आणि छातीत दुखतंय म्हणाला. त्यांच्या मुलाने, अनिलने, शेजारची जीप काढली. पण हमरस्ता लागायच्या आतच सगळं संपलं होतं. दिवस झाले, माणसं येऊन गेली. पाठोपाठ भात कापणीला आलं. गिरजाने सून नम्रताला बरोबर घेऊन कापलं, झोडलं, कणगीत भरलं. या सगळ्यात रडायला म्हणून वेगळा वेळ तिला मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी तिने तो घेतला असता असं वाटत नाही.

पौषातल्या एका दुपारी ती अंगणात तांदूळ पाखडत होती. सुपाच्या झोक्याबरोबर तिच्या तोंडून एक चाल निघाली. कोंडू गुणगुणायचा ती. शब्द नसायचे, नुसतं हूं हूं. चिखलणीला बैलांच्या मागे चालताना त्याचं हे चालू असायचं. पुढे बैल विकले आणि भाड्याचा टिलर यायला लागला, तर कोंडू बांधावर बसून विळ्याला धार लावताना तेच गुणगुणायला लागला. अनिल लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन, आणि नंतर अनिलच्या मुलीला, अक्षदाला, झोळीत झोका देताना, तीच चाल. तीस वर्षं गिरजाने ती ऐकली होती. पाऊस ऐकावा तशी, लक्ष न देता.

त्या दुपारी चाल वर चढली, एक वळण घेतलं, आणि थांबली. पुढचं येईना. गिरजाने पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा तिथेच अडली. तिने सूप खाली ठेवलं. घरात कोंडूचा फोटो होता, त्याचा टॉवेल अजून खुंटीवर होता, पण त्याचा आवाज कुठेच नव्हता. जे काय होतं ते तिच्या कानात होतं, आणि तेही अर्धं निसटलेलं.

संध्याकाळी अक्षदा कॉलेजातून आली, तेव्हा गिरजाने तिला विचारलं, तुझा आजा गुणगुणायचा ते गाणं कुठचं. अक्षदाला चाल आठवत होती, शब्द तिलाही माहीत नव्हते. रात्री जेवताना अनिलला विचारलं. तो म्हणाला, जुन्या सिनेमातलं असेल, बाबांना कुठे ठाऊक होतं कुठचं ते. मग त्यानेही गुणगुणून पाहिलं, आणि तोही त्या वळणाशीच थांबला. तिघांनाही सुरुवात येत होती आणि शेवट कुणालाच येत नव्हता. अक्षदाने मोबाइलमधले जुने व्हिडिओ काढून बघितले. एका लग्नात कोंडू तिच्या आत्याशी बोलताना दिसत होता, ओठ हलत होते, पण मागे डीजे एवढ्या जोरात वाजत होता की एक अक्षर कळत नव्हतं.

अक्षदाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की मोबाइलसमोर नुसतं गुणगुणलं तरी तो गाणं शोधून देतो. गिरजाला ते खरं वाटलं नाही, पण नात सांगते म्हणून ती फोनपुढे बसली आणि देवासमोर बसल्यासारखी पाठ ताठ करून गुणगुणली. फोनने आधी एक गाणं काढलं, त्याची भाषा घरात कुणाला येत नव्हती. मग एका दंतमंजनाची जाहिरात काढली. तिसऱ्यांदा एक भजन निघालं, चांगलं होतं, पण ते नव्हतं. पोरीने एवढी खटपट केली म्हणून गिरजाने तिन्ही शेवटपर्यंत ऐकली आणि प्रत्येकाला मान हलवली. अक्षदा हिरमुसली. गिरजा तिला म्हणाली, त्याचा काय दोष, त्याने तुझ्या आजाला थोडंच ऐकलंय.

अनिलचा एक मित्र हरेश. शहापुरात ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये कामाला असतो आणि हळदी-लग्नाच्या सीझनला बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. वाजवणं कुणी शिकवलेलं नाही, पण एकदा ऐकलं की हाताला येतं अशी त्याची ख्याती. अनिलने त्याला रविवारी घरी बोलावलं. हरेशने कीबोर्ड ओटीवर मांडला आणि म्हणाला, काकी, तुमी गुणगुणा, मी मागून येतो.

गिरजा गुणगुणली. हरेशने पहिल्याच खेपेला सुरुवात पकडली. गिरजाचा चेहरा उजळला. पण वळणाच्या जरा अलीकडे ती एकदम म्हणाली, नाय, इथे चुकलं. हरेशने पुन्हा वाजवलं. ती पुन्हा नाय म्हणाली. चार-पाच वेळा असं झालं. हरेशने स्केल बदलून पाहिलं, शेजारची पट्टी दाबून पाहिली. शेवटी त्याने हात आवरले.

"काकी, मी बरोबर वाजवतोय. तुमची चालच तिथं चुकते," तो म्हणाला.

"चुकत नाय. तो असंच म्हणायचा."

"म्हणजे काका चुकीचं म्हणायचे."

"तू सुधारून वाजवतंस रे. मला सुधारलेलं नको."

हरेश हसला, पण विचारात पडला. त्याने अनिलला आणि अक्षदालाही वेगवेगळं गुणगुणायला लावलं. दोघंही नेमकी त्याच जागी, नेमकी तेवढीच घसरली. मग त्याने समजावून सांगितलं. गाणारा बेसूर असला तर तो रोज नवीन ठिकाणी चुकतो. इथे चूक ठरलेली आहे. सूर वर जायला पाहिजे तिथे तो दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी बसतो, कीबोर्डवर तो सापडणारच नाही. तेव्हा काका चुकत नव्हते. ज्याच्याकडून त्यांनी ऐकलं, तोच माणूस तसं गायचा, आणि काकांनी ते जसंच्या तसं उचललं. मूळ चाल कुठल्या तरी सिनेमाची असावी, पण आता ती त्या सिनेमाची राहिलेली नाही. म्हणून फोनलाही ती सापडणार नाही.

 हरेश गेल्यावर गिरजा ठमीकडे गेली.

ठमी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. दोघी एकाच वाडीत सुना म्हणून आलेल्या, आवणीला, भाताची रोपं लावताना, एका ओळीत वाकलेल्या. गिरजाने हरेशचं म्हणणं तिला सांगितलं, की असं कुणीतरी होतं जे रोज एकाच जागी चुकून गायचं. ठमी विड्याचं पान पुसत होती. पुसता पुसता तिला हसू फुटलं.

"अशी गाणारी आपल्या वाडीत एकच झाली. जना."

जना म्हणजे वाडीतलीच मुलगी. तीसेक वर्षांपूर्वी गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालले होते, तेव्हा वाडीतल्या बायकांना शिकवायला जनाला नेमलं होतं. वय वीस, दहावीला एकदा नापास झालेली. दिवेलागणीला समाजमंदिरात दहा-बारा बायका पाटी घेऊन बसायच्या. वर्ग कसाबसा चार महिने चालला. मग जनाचं लग्न ठरलं, ती मुरबाडकडे गेली, आणि वर्ग बंद पडला. गिरजाला सही आली ती तिथेच. अंगठा सोडून पहिल्यांदा नाव लिहिलं, तेव्हा ती तीस वर्षांची होती. अजून ती बसची पाटी एकेक अक्षर जुळवून वाचते. जोडाक्षर आलं की मात्र शेजारच्याला विचारते.

गिरजा म्हणाली, पण हा कुठे वर्गात होता. ठमी म्हणाली, वर्गात नव्हता, पायरीवर होता की. तेव्हा ओढ्याच्या बाजूला बिबट्या दिसल्याची हूल होती. गिरजाचं घर सगळ्यांत लांब. म्हणून कोंडू रोज बॅटरी घेऊन तिला सोडायला यायचा आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर पायरीवर विडी ओढत बसायचा. गिरजाला ते आठवलं. जना गाण्यातून अक्षरं शिकवायची हेही आठवलं. पण ते गाणं तर पाढे म्हटल्यासारखं होतं, ग गिरजाचा, घ घराचा. त्यात ही चाल कुठे होती?

"मला नको विचारू," ठमी म्हणाली. "मला माझा ठ तेवढा आला. बाकीचं सगळं इसरले."

जनाचे आईबाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. भाऊ कल्याणला स्थायिक झाला, वाडीतलं घर पडलं, तसं जनाचं माहेरपण संपलं. वीस वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती. ठमीच्या मुलाने जनाच्या भावाला गाठून तिचा नंबर मिळवला. अक्षदाने फोन लावला तर तो जनाच्या सुनेने, योगिनीने उचलला. सासूबाई शाळेत गेल्यात म्हणाली, तिथे त्या मुलांचा पोषण आहार शिजवतात. दुसऱ्यांदा लावला तेव्हा जना होती, पण रेंज अशी की दर चौथ्या शब्दाला आवाज तुटत होता. त्यात गुणगुणून दाखवणं शक्यच नव्हतं. रविवारी घरी असते एवढं कळलं.

गिरजाने रविवारी सकाळी नवं लुगडं काढलं, डब्यात तांदळाच्या पापड्या भरल्या आणि अक्षदाला बरोबर घेऊन निघाली. अनिल म्हणाला, एवढ्यासाठी इतक्या लांब जायचं का, पुढच्या महिन्यात मीच गाडीने नेतो. तिने चपला घातल्या. शहापूरहून मुरबाडची एसटी मिळाली. मुरबाडच्या स्टँडवर तिने पाटी वाचली, मु, र, बा, ड, आणि बरोबर उतरल्याची खात्री झाल्यावर पाणी प्यायली. पुढे वडापची जीप. गावापाशी उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. घरांच्या मागेच सिद्धगड उभा होता. जनाचं घर शाळेला लागून आहे, असं एका बाईने सांगितलं.

जना अंगणात नागली निवडत बसली होती. गिरजाच्या डोळ्यांपुढे दोन वेण्या घातलेली, सारखी ओढणी सावरणारी पोर होती. समोर पन्नाशीची, केस पिकलेली, चष्मा लावलेली बाई उठून उभी राहिली. तिनेही क्षणभर ओळखलं नाही. मग म्हणाली, "गिरजावहिनी?" आणि हातातलं सूप तसंच घेऊन पुढे आली.

योगिनीने चहा केला. जनाने वाडीतल्या एकेकाचं विचारायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला कोंडूदादाचं विचारलं. तिला कळलंच नव्हतं. गिरजाने सांगितलं, जसं झालं तसं, गवत कापून आला तिथपासून. जना ऐकता ऐकता रडायला लागली. गिरजाच तिची समजूत घालत राहिली. आईबापांच्या पाठीमागे वाडीतल्या कुणाचंही बरंवाईट आपल्याला कळत नाही, याचंही जनाला रडू येत असावं.

थोड्या वेळाने गिरजा म्हणाली, की एक विचारायला आले. आणि ती गुणगुणली. चाल वर चढली, घसरायची तिथे घसरली, वळली आणि थांबली.

जनाने पदर तोंडाला लावला.

"वहिनी, हे माझंच. अशी मधेच वाट चुकणारी मीच."

तिने मग सगळं सांगितलं. मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाला ती मैत्रिणींबरोबर गेली होती, त्यातल्या गाण्याची चाल तिला फार आवडली होती. वर्गात पुस्तकातले शब्द बायकांच्या ध्यानात राहत नव्हते. म्हणून तिने बायकांचीच नावं घालून अक्षरांचं गाणं रचलं. ओळी नुसत्या म्हणायच्या, पाढ्यासारख्या. प्रत्येक ओळीनंतर पहिली ओळ परत यायची, तेवढी गायची. तीच ही चाल. सिनेमातली बाई जिथे वर चढायची तिथे जनाचा आवाज पोचायचा नाही, म्हणून ती आधीच खाली यायची. बायकांना मूळ गाणं माहीत नव्हतं. त्या तिच्या मागून तशाच म्हणायच्या.

अक्षदाने वही काढली. जना डोळे मिटून आठवायला लागली. ग गिरजाचा, घ घराचा. च चुलीचा, छ छपराचा. ज जनाचा, झ झऱ्याचा. ट टोपलीचा, ठ ठमीचा. एकेक ओळ ऐकताना गिरजा मान हलवत होती. हे सगळं तिला येत होतं. पाटीवर पेन्सिल फिरवताना हेच तर ती म्हणायची.

"आन् पहिली ओळ?" तिने विचारलं. "गायची ती? तिला शब्द काय व्हते? मला ते अजिबात आठवत नाय."

जनाने डोळे उघडले.

"तुमाला कसे आठवणार? तुमी ती ओळ कधी म्हटलीच नाय. सगळ्या बायका गायच्या आन् तुमी मान खाली घालून नुसतं हूं हूं करायच्या."

"का गो?"

"नाव कसं घेणार? दादा बाहेर बसलेला."

गिरजाला अजून कळलं नव्हतं. जनाने सांगितलं. क पासून सुरुवात करायची होती आणि बायकांत क ची कुणीच नव्हती. कमळाचा म्हणायचं तर पुन्हा पुस्तकासारखंच होणार. रोज पायरीवर बसणाऱ्या कोंडूदादाला ती दोन-तीनदा म्हणाली होती, दादा, आत या, पाटी देते. तो म्हणायचा, बायकांच्यात मी काय बसू. पण त्याची मान आतल्या बाजूला असायची. तेव्हा जनाने ठरवलं, आत येत नाही तर नाही, पहिलं अक्षर त्याला द्यायचं. आणि तिने हलक्या आवाजात, चुकायचं तिथे चुकत, ती ओळ गाऊन दाखवली.

"क कोंडूचा गो, क कोंडूचा."

 गिरजाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. लग्नात आणि पुढे कुणाच्या बारशाला उखाणा घेतला असेल तेवढंच, एरवी त्या माणसाचं नाव तिच्या तोंडून निघालेलं नव्हतं. त्यालाच पायरीवर बसवून त्याच्या नावाचं गाणं म्हणणं तिला कसं जमलं असतं? ओठ मिटून ती सूर तेवढा धरत राहिली. तीस वर्षांत बाकीचं मागे पडलं, आणि शब्द तर तिने कधी उच्चारलेच नव्हते.

"त्याला ठाऊक व्हतं?" तिने शेवटी विचारलं.

जना हसली. म्हणाली, पहिल्या दिवशी बायकांनी मोठ्याने म्हटलं तसा दादा एकदम उठला आणि विहिरीकडे निघून गेला. बायकांची हसून पुरेवाट झाली. मला वाटलं राग आला, आता वहिनीला वर्गाला धाडत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर पायरीवर येऊन बसला. त्यानंतर एक दिवस चुकवला नाही. तुमाला ताप आला होता तेव्हा तुमी नव्हता, तरी तो आला होता. ओढ्यापलीकडे बैल शोधायला आलो म्हणाला.

गिरजाला हसू आलं. आधी बारीक, मग तिला ते आवरेना. बैलांच्या मागे, बांधावर, पोराला खांद्यावर घेऊन, नातीच्या झोळीशी, तीस वर्षं हा माणूस स्वतःच्या नावाचं गाणं गुणगुणत हिंडत होता, आणि एका शब्दाने कुणाला कळू दिलं नव्हतं. भादव्यापासून अक्षदाने आजीला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता गिरजाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. जना तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. योगिनीने पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि ती आत गेली.

"मला कधी बोलला नाय तो," गिरजा म्हणाली.

"काय बोलणार? माझ्या नावाचं गाणं हाय म्हणून सांगणार?"

चालीचा शेवट राहिलाच होता. वळणानंतर काय, हे जनालाही पटकन सांगता येईना. तिने दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. गिरजाने दोन्ही वेळा नाय म्हटलं. तिसऱ्यांदा जना विचार न करता, नागलीच्या सुपात हात घालून म्हणाली, आणि चाल वळून खाली आली, एका जागी टेकली. गिरजाने मान हलवली. तेच होतं. तिने ते चार वेळा म्हणून पक्कं केलं. अक्षदाने रेकॉर्ड करून घेतलंय असं सांगितलं, तरी तिने ते आपलं आपण पक्कं केलं.

जेवून निघाल्या. घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. अनिलने विचारलं, सापडलं का. गिरजाने त्याला आणि नम्रताला सगळं सांगितलं. अनिल ते ऐकून गोठ्याकडे गेला. गोठ्यात आता एकच गाय आहे, तिला एवढा वेळ लागत नाही. सकाळी दूध काढताना तो गुणगुणत होता. नम्रताने बघितल्यावर थांबला.

हरेशला जनाने सांगितलेल्या सिनेमाचं नाव कळवलं. त्याला ते गाणं मिळालं. त्याने येऊन ते कीबोर्डवर वाजवून दाखवलं, सूर वर चढायचा तिथे स्वच्छ चढत होता. गिरजाने शांतपणे ऐकलं. म्हणाली, हे चांगलं हाय, हळदीला वाजव. आणि आपल्या कामाला लागली.

अक्षदाने वहीत सगळं गाणं नीट उतरवलं आणि आजीकडून वाचून घेतलं. गिरजा बोट ठेवून वाचत गेली. पहिल्या ओळीला आली की क वाचायची आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवून हूं म्हणायची. अक्षदा म्हणाली, आजी, आता कोण बाहेर बसलंय. गिरजाने तिच्याकडे पाहिलं आणि तो शब्द तू म्हण, एवढंच बोलली.

जना चैत्रात दोन दिवस वाडीला राहायला आली. वीस वर्षांनी. उतरली गिरजाकडेच. भाऊ नसला तरी माहेर असतं असं काही कुणी म्हणालं नाही, पण दोन दिवस तिला प्रत्येक घरातून जेवायला बोलावणं आलं, आणि निघताना ठमीने चोळीचं कापड दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघी ओटीवर गाणं जुळवत बसल्या. जना आणि ठमी पहिली ओळ मोठ्याने म्हणत होत्या, गिरजा हूं हूं करत होती. ठ पर्यंत सगळं सुरळीत आलं. ड वरून वाद सुरू झाला. जनाच्या मते तो डोंगराचा होता आणि ठमी डबक्याचा म्हणून हट्ट धरून बसली. गिरजाने डोंगराच्या बाजूने मत दिलं. ढ कशाचा होता हे तिघींनाही आठवेना. जना म्हणाली, मला पक्कं आठवतंय, ढ कुणालाच नको होता, सगळ्या भांडत होत्या. मग ती जागा कशाने भरली, हे त्या काळोख पडेपर्यंत आठवत होत्या, आणि नम्रता दोनदा जेवायला हाक मारून गेली तरी कुणी उठलं नाही.